चाचणीला काय दिसू शकले असते?

एखादे रसायन सुरक्षित आहे की घातक, असा वाद पेटला की दोन्ही बाजू अहवालांचा ढीग समोर मांडतात. एक बाजू म्हणते, इतक्या अभ्यासांत काहीही आढळलेले नाही. दुसरी म्हणते, अमुक अभ्यासांत प्राण्यांना गाठी झाल्या. मग वाचणारा नकळत मोजदाद करू लागतो आणि ज्या पारड्यात अहवाल जास्त, तिकडे झुकतो. विषशास्त्रीय चाचण्यांचे अहवाल वाचणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि या कामात मोजदादीइतकी घातक सवय दुसरी नाही, असे माझे मत आहे. अहवाल हातात आल्यावर निष्कर्षाचे पान उघडण्याआधी मी एक प्रश्न विचारते: या पदार्थात अपाय करण्याची शक्ती असती, तर ती या चाचणीला दिसली असती का? त्याला लागूनच दुसरा: ती शक्ती नसती, तरीही या चाचणीत असेच काही दिसले असते का? या दोन्हींची उत्तरे निकाल वाचण्याआधी ठरवायची असतात. निकाल आधी कळला की पटणाऱ्या अहवालातले मोठे दोष डोळ्यांआड होतात आणि न पटणाऱ्या अहवालातली किरकोळ त्रुटीही खुपू लागते.

सर्वांत साधी समजली जाणारी चाचणी घेऊ. ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली जीवाणूंवरील उत्परिवर्तन चाचणी आज जगभर रसायनांच्या तपासणीची पहिली पायरी मानली जाते. तिच्यासाठी साल्मोनेला जीवाणूंचे असे वाण वापरतात, की ज्यांना हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः तयार करता येत नाही. हिस्टिडिनचा केवळ अंश असलेल्या अगारवर (जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर) ते पसरले की बहुतेकांची वाढ थोड्याच वेळात थांबते. ज्या मोजक्या जीवाणूंच्या जनुकात उलटा बदल होऊन हरवलेली क्षमता परत आलेली असते, त्यांच्याच वसाहती दोन-तीन दिवसांत उमटतात. रसायन न घालताही अशा काही वसाहती येतातच: टीए-९८ या वाणात साधारण २० ते ५०, टीए-१०० मध्ये साधारण १०० ते २००. रसायनाची मात्रा वाढवत नेली आणि वसाहतींची संख्याही त्याबरोबर वाढत गेली, तर पदार्थ उत्परिवर्तक असल्याचा संकेत मिळतो.

आता ती पेट्री डिश उजेडासमोर धरून पाहू. ठळक वसाहतींच्या मागे एक फिकट, धुरकट थर दिसतो. अगारमधील हिस्टिडिन संपेपर्यंत सर्वच जीवाणूंची थोडीफार वाढ होते, तिचा हा थर असतो. रसायनाने जीवाणू मरू लागले की हा थर विरळ होतो, जागोजागी नाहीसा होतो. मग दोन गोष्टी घडू शकतात. एक तर मरणाऱ्या जीवाणूंबरोबर उत्परिवर्तित जीवाणूही मरतात, संख्या घटते आणि चाचणी निगेटिव्ह भासते. किंवा वाचलेल्या थोड्या जीवाणूंच्या वाट्याला जास्त हिस्टिडिन येते आणि कोणतेही उत्परिवर्तन न होता त्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती तयार होतात. त्या मोजल्या गेल्या तर चाचणी पॉझिटिव्ह भासते. नमुन्यात मुळातच हिस्टिडिन असेल, जसे प्रथिनयुक्त अर्कांत असते, तर तोही घोटाळा होतो. म्हणून अहवालात वसाहतींचा तक्ता असून भागत नाही. प्रत्येक मात्रेला मागचा थर कसा होता याची नोंद आहे का, आणि ज्ञात उत्परिवर्तक घातलेल्या डिशमध्ये अपेक्षेप्रमाणे वसाहती वाढल्या का, हे मी आधी शोधते. ज्ञात उत्परिवर्तकालाही त्या दिवशी प्रतिसाद मिळाला नसेल, तर त्या दिवशीचे सगळे निगेटिव्ह निकाल निरर्थक ठरतात.

चाचणी निर्दोष पार पडली तरी तिची नजर ठरावीकच असते. जीवाणूंना यकृत नसते, म्हणून शरीरात शिरल्यावरच घातक होणारे पदार्थ ओळखण्यासाठी रॅटच्या यकृतातील विकरांचे मिश्रण डिशमध्ये घालतात. तरीही बेंझीन या चाचणीत सहसा निगेटिव्ह येते, आणि बेंझीनमुळे माणसांना रक्ताचा कर्करोग होतो हे निर्विवाद आहे. आर्सेनिकचीही तीच गत. त्यामुळे ‘एम्स चाचणी निगेटिव्ह’ या वाक्याचा अर्थ एवढाच होतो, की जीवाणूंच्या जनुकांत थेट बिंदुवत बदल घडवण्याची क्षमता या परिस्थितीत दिसली नाही. गुणसूत्रे तुटण्याबद्दल, संप्रेरकांच्या गोंधळाबद्दल किंवा पेशींना दीर्घकाळ होणाऱ्या दाहाबद्दल ही चाचणी काहीही सांगत नाही, आणि तसे सांगण्याचा तिचा दावाही नाही. दावा तिच्या वतीने दुसरेच कोणीतरी करते.

प्राण्यांवरील कर्करोग-चाचणी याहून कितीतरी मोठी आणि खर्चिक असते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या ४५१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसार किमान तीन मात्रागट आणि पदार्थ न दिलेला एक तुलनागट ठेवतात, प्रत्येक गटात नर आणि मादी प्रत्येकी किमान ५०, आणि रॅटवरील चाचणी साधारणपणे २४ महिने चालते. एवढ्या खटाटोपानंतर ‘गाठींचे प्रमाण वाढले नाही’ असा निष्कर्ष आला तर तो भारदस्त वाटतो, आणि त्याला वजन आहेही. परंतु त्याची मर्यादा साध्या अंकगणितात दडलेली आहे. ५० प्राण्यांपैकी एकालाही गाठ झाली नाही, तरी खरे प्रमाण शून्य आहे असे म्हणता येत नाही. ९५ टक्के विश्वासपातळीवर ते सुमारे ६ टक्क्यांपर्यंत असू शकते, एवढेच म्हणता येते. समजा, तुलनागटातील ५० प्राण्यांत एकही गाठ नाही आणि मात्रागटातील ५० पैकी ४ प्राण्यांना गाठ झाली. फिशर यांच्या अचूक कसोटीने एकतर्फी हिशेब केला, तर असे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता सुमारे ५.९ टक्के येते. ती रूढ ५ टक्क्यांपेक्षा जास्त असल्यामुळे अहवालात ‘सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय नाही’ असे छापले जाते. पाचव्या प्राण्याला गाठ झाली की तीच शक्यता २.८ टक्क्यांवर येते आणि वाक्य उलटते. एका प्राण्यामुळे अहवालाचा सारांश बदलतो. पदार्थाचा स्वभाव मात्र बदललेला नसतो. म्हणून सारांशातील ‘लक्षणीय’ आणि ‘लक्षणीय नाही’ यांवर न थांबता परिशिष्टातील एकेका प्राण्याच्या नोंदींपर्यंत जावेच लागते.

हजारात एका माणसाला होणारा अपाय ५० प्राण्यांत दिसणे शक्य नाही, म्हणूनच चाचणीत मात्रा मुद्दाम खूप वाढवतात. ‘एवढे कोण खाते?’ हा आक्षेप त्यामुळे मला अर्धवट वाटतो. मोठी मात्रा ही प्राण्यांच्या तोकड्या संख्येची भरपाई आहे. आक्षेप घ्यायचाच असेल तर तो वेगळ्या ठिकाणी घ्यावा: मोठ्या मात्रेमुळे शरीरात अशी एखादी प्रक्रिया सुरू झाली का, जी लहान मात्रेला सुरूच होत नाही?

सॅकरिन या कृत्रिम गोडी आणणाऱ्या पदार्थाच्या बाबतीत नेमके हेच घडले. १९७० च्या दशकात आहारात ५ टक्के किंवा त्याहून जास्त सॅकरिन दिलेल्या नर रॅटच्या मूत्राशयात गाठी आढळल्या; १९७७ मध्ये कॅनडाने त्याच्या वापरावर बंधने आणली आणि अमेरिकेत वेष्टनांवर इशारा छापणे सक्तीचे झाले. निरीक्षण खरे होते, चाचण्यांत खोट नव्हती. पुढील संशोधनातून असे दिसले, की सोडियम सॅकरिनच्या प्रचंड मात्रेमुळे नर रॅटच्या मूत्राची रासायनिक घडण बदलते, कॅल्शियम फॉस्फेटयुक्त अवक्षेप तयार होतो, तो मूत्राशयाच्या अस्तराला सतत इजा करतो आणि पेशींच्या वारंवार होणाऱ्या पुनर्निर्मितीतून गाठी होतात. माणसाच्या मूत्रात ही परिस्थिती उद्भवत नाही, आणि माणसांवरील अभ्यासांतही धोका दिसला नाही. २००० मध्ये अमेरिकेच्या कर्करोगकारकांच्या अधिकृत यादीतून सॅकरिन वगळले गेले.

हे उदाहरण उद्योगांच्या बाजूने इतके वेळा वापरले जाते, की त्याची दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. सॅकरिन सुटले ते ‘रॅट म्हणजे माणूस नव्हे’ या घोषणेवर नव्हे. इजेची साखळी कडीकडीने दाखवली गेली, प्रत्येक कडीसाठी स्वतंत्र प्रयोग झाले, आणि माणसात ती साखळी कोठे तुटते हेही दाखवले गेले. ज्या पदार्थाबाबत असे काही सिद्ध झालेले नाही, त्याच्या प्राण्यांतील गाठी ‘त्या जातीपुरत्याच’ म्हणून बाजूला सारणे ही पळवाट आहे. जातीजातींतला फरक माणसाच्या विरुद्धही जाऊ शकतो. रंग-कारखान्यांतील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच नोंदवले होते. संशयित पदार्थांपैकी बीटा-नॅफ्थिलअमाइनने प्राण्यांत मूत्राशयाच्या गाठी होतात, हे मात्र विल्हेल्म ह्यूपर यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून १९३८ मध्ये दाखवले. रॅटवर असा परिणाम सहज दिसत नव्हता. प्राण्याची निवड चुकली, की दीर्घ आणि काटेकोर चाचणीसुद्धा चुकीचा दिलासा देते.

उलट बाजूची फसगतही ध्यानात ठेवली पाहिजे. दोन वर्षांच्या चाचणीनंतर प्रत्येक प्राण्याचे सुमारे ४० अवयव आणि ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात. ५ टक्क्यांची कसोटी लावून परस्परांशी संबंध नसलेल्या २० तुलना केल्या, तर पदार्थ पूर्ण निरुपद्रवी असला तरी किमान एखादी तुलना ‘लक्षणीय’ येण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून सुटी नोंद पाहून मी दचकत नाही. मात्रेबरोबर परिणाम चढत जातो का, नर-मादी दोघांत दिसतो का, गाठींच्या आधीच्या अवस्थाही त्याच अवयवात दिसतात का, आणि त्याच प्रयोगशाळेतील पूर्वीच्या तुलनागटांत अशा गाठी किती असत, हे पाहून मगच तिचे वजन ठरवता येते. पूर्वीच्या तुलनागटांचा आधार घेताना मात्र सावध राहावे लागते, कारण वीस-तीस वर्षांचे जुने आकडे एकत्र केले की त्यांचा पल्ला इतका रुंदावतो, की जवळपास कोणताही निकाल ‘नेहमीच्या मर्यादेत’ बसवता येतो.

तुलनागटाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण अहवाल वाचणाऱ्यांचे सर्वांत कमी लक्ष तिकडे जाते. १९९८ मध्ये पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत माउसच्या बीजांडांचा अभ्यास चालू असताना, कोणतेही रसायन न दिलेल्या तुलनागटातच गुणसूत्रांची मांडणी बिघडलेली बीजांडे एकाएकी मोठ्या संख्येने आढळू लागली. शोध घेता घेता कारण प्राण्यांच्या पिंजऱ्यांत सापडले: पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकीच्या, तीव्र धुलाईद्रव्याने धुतल्या गेल्या होत्या, प्लास्टिक झिजले होते आणि त्यातून ते प्लास्टिक बनवण्यासाठी वापरले जाणारे बिस्फेनॉल-ए हे रसायन पाझरत होते. पिंजरे बदलल्यावर बिघाड ओसरला. पिंजरे मुद्दाम तसेच खराब केल्यावर तो परत आला. २००३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. यात मला सर्वाधिक महत्त्वाचे वाटते ते असे: त्याच काळात त्याच पिंजऱ्यांत कोणी बिस्फेनॉल-एचीच चाचणी केली असती, तर मात्रागट आणि तुलनागट यांत फारसा फरक दिसला नसता आणि पदार्थ निर्दोष असल्याचा अहवाल प्रामाणिकपणे लिहिला गेला असता. म्हणून तुलनागटाच्या रक्तात तोच पदार्थ तपासला होता का, खाद्य, पाणी, अंथरूण आणि पिंजरे यांचे विश्लेषण झाले होते का, हे प्रश्न मी क्षुल्लक मानत नाही.

आता ‘जीएलपी’ (उत्तम प्रयोगशाळा-पद्धती) या तीन अक्षरांकडे वळते, कारण अनेक वाद त्यांच्यापाशी येऊन संपवले जातात. १९७० च्या दशकात अमेरिकेतील इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या अतिशय मोठ्या कंत्राटी प्रयोगशाळेत नोंदी बनावट असल्याचे उघड झाले. तेथील कागदपत्रांत मेलेल्या प्राण्यांपुढे ‘फार कुजलेला’ अशा अर्थाचे आद्याक्षरी शेरे सापडले होते, आणि १९८३ मध्ये तिच्या अधिकाऱ्यांवरील आरोप न्यायालयात सिद्ध झाले. त्या धक्क्यातून उत्तम प्रयोगशाळा-पद्धतीचे नियम आले: अमेरिकेत १९७८ मध्ये, ओईसीडीच्या पातळीवर १९८१ मध्ये. प्रत्येक नोंद कोणी, केव्हा केली, तराजूचे प्रमाणन झाले होते का, नियोजनापासून फारकत का घेतली, हे सारे त्यामुळे तपासता येते. ही फार मोठी कमाई आहे आणि तिची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण नियम नोंदींच्या सचोटीची हमी देतात. चाचणीची रचना योग्य होती, याची हमी त्यांत नाही. संप्रेरकांना फारसा प्रतिसाद न देणाऱ्या वाणाच्या प्राण्यांवर संप्रेरकसदृश पदार्थाची चाचणी अगदी नियमांबरहुकूम करता येते आणि तिच्यातून काहीही निष्पन्न होत नाही.

१९९७ मध्ये क्लिमिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासांची विश्वासार्हता चार वर्गांत विभागण्याची पद्धत मांडली आणि नियामक कामात ती सर्वत्र रूढ झाली. तिच्यात मार्गदर्शिकेनुसार आणि शक्यतो जीएलपीखाली झालेल्या अभ्यासाला वरचा वर्ग सहज मिळतो, तर विद्यापीठातील संशोधन बऱ्याचदा खाली ढकलले जाते. वर्गवारी सोयीची आहे, परंतु तिच्यामुळे वाचकाचा निर्णय पहिल्या पानावरच होऊन जातो आणि मला ते मान्य नाही. विद्यापीठातील अभ्यासात प्राण्यांची संख्या अनेकदा अपुरी असते, एकाच मातेची पिल्ले स्वतंत्र प्राणी म्हणून मोजली जातात, कोणता प्राणी कोणत्या गटातला हे निरीक्षकाला ठाऊक असते. हे गंभीर दोष आहेत आणि ते दिसले की मी वजन कमी करते. मात्र मार्गदर्शिकेतील अभ्यासाने ज्या अवयवाकडे पाहिलेच नाही, त्या अवयवाबद्दल त्याला मत असू शकत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले गेले पाहिजे. अभ्यासाला पैसा कोणी दिला हे मी वाचते, पण त्यावरून अहवाल नाकारत किंवा स्वीकारत नाही. फक्त दोन्ही प्रकारच्या अहवालांना तीच प्रश्नावली लावते.

सुरक्षित मात्रा ठरवताना आधार मानल्या जाणाऱ्या, चाचणीत अपाय न दिसलेल्या सर्वोच्च मात्रेबाबतही अशीच एक विसंगती आहे. ही मात्रा चाचणीसाठी निवडलेल्या मात्रांपैकीच एक असते, आणि प्राणी जितके कमी, तितका परिणाम दिसण्याची शक्यता कमी, म्हणजेच ती मात्रा तितकी वर सरकते. अशा रीतीने ढिसाळ चाचणीला बक्षीस मिळते. १९८४ मध्ये केनी क्रम्प यांनी मांडलेली बेंचमार्क मात्रेची पद्धत संपूर्ण मात्रा-प्रतिसाद वक्राचा उपयोग करते आणि प्राणी कमी असतील तर सुरक्षित मात्रेची खालची सीमा आणखी खाली नेते. अपुऱ्या माहितीचा भार ज्याने माहिती अपुरी ठेवली त्याच्यावर पडावा, हे मला न्याय्य वाटते.

पदार्थ शरीरात कोणत्या वाटेने शिरतो, याची उपेक्षा किती महागात पडते हे डायअसिटिलने दाखवले. लोण्याचा वास देणारा हा पदार्थ खाण्यासाठी सुरक्षित मानला जात होता. २००० मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यातील पॉपकॉर्न कारखान्याच्या कामगारांत श्वासनलिकांच्या सूक्ष्म शाखा कायमच्या अरुंद करणारा आजार उघडकीस आला. ते कामगार याच वासाच्या वाफा हुंगत काम करीत होते. पोटातून दिलेल्या मात्रेचे कितीही स्वच्छ अहवाल एकावर एक रचले असते, तरी फुप्फुसांबद्दल त्यातून काही कळले नसते.

यातूनच एकत्रित पुराव्याचे वजन कसे करावे, हे ठरते. एकाच रचनेच्या दहा निगेटिव्ह चाचण्यांची आंधळी जागाही एकच असते. दहांनी मिळून ती भरून निघत नाही. उलट पेशींवरील प्रयोग, प्राण्यांतील ऊतींचे निरीक्षण आणि माणसांच्या रक्तातील खुणा, अशा वेगवेगळ्या दोषांच्या शक्यता असलेल्या तीन मार्गांनी एकच परिणाम दिसला, तर प्रत्येक अभ्यास सुटा पाहता कच्चा असला तरी एकत्रित पुरावा मला भक्कम वाटतो.

या सगळ्यानंतरही जाणकारांत मतभेद उरतात, आणि ते कोठे उरतात हे पाहण्यासारखे असते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये बिस्फेनॉल-एची सुसह्य दैनंदिन मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅम ठरवली होती; २०२३ मध्ये तीच ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे २०,००० पट खाली आणली. त्याच वर्षी जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने २०० नॅनोग्रॅम हा आकडा काढला. दोन्हींत १,००० पटींचा फरक आहे, आणि तो वाचून ‘तज्ज्ञांचेच एकमत नाही’ असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. बारकाईने वाचले तर वाद बराचसा नेमक्या जागी येऊन थांबतो. युरोपीय प्राधिकरणाने माउसमधील विशिष्ट रोगप्रतिकारक पेशींच्या वाढीला निर्णायक मानले. त्या पेशी वाढल्यावर खरोखरच आजार होतो हे दाखवले गेलेले नाही, म्हणून ही वाढ अपाय समजू नये, असा जर्मन संस्थेचा आक्षेप होता आणि तिने शुक्राणूंच्या घटीचा आधार घेतला. आजाराच्या आधीच्या खुणेवर निर्णय घ्यायचा की आजार दिसेपर्यंत थांबायचे, हा प्रश्न प्रयोगशाळा एकटी सोडवू शकत नाही. त्या पेशींची वाढ किती प्राण्यांत, कोणत्या वयात, किती स्वतंत्र प्रयोगशाळांत दिसली, याची उत्तरे मात्र प्रयोगशाळेतूनच यायला हवीत, आणि ती वाचल्याशिवाय दोन आकड्यांपैकी एकाची बाजू घ्यायला मी तयार नाही.